जुनी फौजी रायफल आणि गंज: सातारा भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात फौजेत कुणीच गेलं नाही असं गाव शोधावं लागेल. मिलिटरी अपशिंग्यातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले, आणि तिथल्या घराघरांतून आजही पोरं भरतीला जातात. अशा भागात आजोबांची किंवा वडिलांची रायफल परवान्यावर वारसाने आलेली असते आणि नवा मालक ती कपाटातून काढून बघतो तेव्हा तिच्यावर लाल पूड दिसते. माझी बरीच नोकरी कोतमध्ये, म्हणजे हत्यारखान्यात, गेली. त्यामुळे गावाकडे आल्यापासून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकतो. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ही माहिती नेमकी कोणत्या रायफलसाठी आहे?

मुख्यतः ली-एनफिल्ड घराण्यातल्या बोल्टच्या रायफलींसाठी. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा. त्यात इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल येते. ती परवान्यावर मिळते आणि तिची यंत्रणा जुन्या थ्री-नॉट-थ्रीवरच, म्हणजे .३०३ बोअरच्या फौजी रायफलीवरच, बेतलेली आहे. फौजेच्या वापरातून बाद झालेली हत्यारं एनएसपी (नॉन-सर्व्हिस पॅटर्न) या नावाखाली सैनिकांना विकत मिळत, तशीही काही घरांत आहेत. .३०३ आणि ७.६२ हे लष्करी बोअर प्रतिबंधित आहेत, त्यांचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळत नाही. सफाईची रीत मात्र सगळ्यांना सारखीच.

माळ्यावर बिनपरवान्याची जुनी रायफल सापडली. आधी साफ करू का?

नाही. आहे तिथेच राहू द्या आणि पोलीस ठाण्याला कळवा. सफाईचा विचार त्यानंतर.

सुरुवात कुठून करायची?

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. मग नळी सुरक्षित दिशेला धरून मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही खात्री करा. 'रिकामीच आहे' असं दुसऱ्याने सांगितलं तरी स्वतः बघायचं. कोतमध्ये हत्यार हातात घेणारा प्रत्येक जण हेच करतो, समोर सुभेदार मेजर असले तरी.

जुन्या एनफिल्डचा बोल्ट बाहेर काढताना तो पूर्ण मागे घ्या आणि पुढचं डोकं, म्हणजे बोल्ट हेड, उजव्या बाजूने वर उचला. ते पट्टीवरून सुटतं आणि बोल्ट अलगद हातात येतो. बोल्टवरचा नंबर रायफलच्या नंबराशी जुळतो का ते तेव्हाच बघून घ्या. दोन रायफली एकत्र साफ करत असाल तर बोल्टची अदलाबदल होता कामा नये. प्रत्येक बोल्ट त्याच्याच रायफलला बसवलेला असतो.

आणखी एक. काम चालू असताना तंबाखू मळू नका, काही खाऊ नका. नळीतल्या काजळीत शिसं असतं. काम संपल्यावर हात साबणाने धुवा आणि वापरलेल्या चिंध्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा टाका.

रायफल पिवळ्या-तपकिरी ग्रीसने माखलेली आहे. ते कसं काढायचं?

ते ग्रीस आहे म्हणूनच रायफल टिकली, त्यामुळे आधी त्याच्यावर राग धरू नका. जाड थर लाकडी चमच्याने किंवा बांबूच्या कामटीने खरवडा, धातूच्या पात्याने नाही. उरलेलं रॉकेलने किंवा रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनने धुऊन निघतं. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ बंद खोलीत ठिणगीने पेट घेते. बोल्टच्या आत, मॅगझिनच्या स्प्रिंगखाली आणि चेंबरच्या कडेला ग्रीस वाळून कडक झालेलं असतं. तिथे जुना दात घासायचा ब्रश उपयोगी पडतो. लाकडात मुरलेलं ग्रीस एका दिवसात निघत नाही. मे महिन्यात दहिवडी-म्हसवडकडच्या उन्हात लाकूड थोडा वेळ ठेवलं की ते पाझरून वर येतं आणि पुसून घेता येतं. फार वेळ मात्र ठेवायचं नाही, लाकूड तडकतं.

रॉकेल उडून गेलं की धातू अगदी उघडा पडतो. त्यामुळे धुतल्यावर त्याच दिवशी तेलाचा हात फिरलाच पाहिजे.

गोळी झाडल्यावर लगेच तेल लावलं, तरी आठवड्यात नळीत गंज आला. असं का?

सगळ्यात जास्त रायफली वाया गेल्या त्या या एका गैरसमजाने, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

जुन्या लष्करी काडतुसाच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असे. १९५०च्या दशकापर्यंत बहुतेक देशांच्या फौजी काडतुसांत तेच होतं. गोळी उडाली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं आणि नळीभर बारीक पसरतं. हे मीठच आहे, जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, नळीतही तसंच होतं. हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की पोटॅशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यात स्वतःच विरघळतं. आषाढात पाटण-कोयनेकडे हवा दिवसचे दिवस त्याहून ओली असते. म्हणजे पोलादाच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा पातळ थर लागून राहतो, आणि लोखंडाला याहून वाईट काही नाही.

आता यात तेल काय करतं? मीठ तेलात विरघळत नाही. तुम्ही लावलेलं तेल त्या मिठावर बसतं आणि मीठ खाली तसंच राहतं. थर कुठेही फाटला की ओल आत शिरते आणि गंज तेलाखालून सुरू होतो. वरून नळी चकचकीत दिसते, म्हणून मालक निश्चिंत असतो. मीठ काढायचं काम पाण्याचं. तेलाचं काम मीठ गेल्यानंतरचं. हा क्रम चुकला की भारीतलं भारी तेलही उपयोगाचं नाही.

तुमच्याकडची काडतुसं कोणत्या जातीची आहेत याची खात्री नसेल, आणि जुन्या साठ्याबद्दल ती सहसा नसतेच, तर मीठ आहे असं धरून चाला. पाण्याने धुतल्याने नुकसान काहीच नाही.

लोखंडात पाणी? तेही उकळतं?

हो, उकळतंच. इंग्रजांच्या काळापासून थ्री-नॉट-थ्रीची हीच रीत आहे. बोल्ट काढा. नळीचं तोंड खाली करून रायफल बादलीत उभी धरा. चेंबरमध्ये लांब नळीचं नरसाळं बसवा, म्हणजे पाणी यंत्रणेत आणि लाकडात न जाता सरळ नळीत जाईल. मग दोन-तीन लिटर खळखळ उकळतं पाणी एका धारेत ओता. हाताला जाड फडकं गुंडाळा, नळी चांगलीच तापते. सुरुवातीला बादलीत काळपट पाणी पडतं, शेवटी स्वच्छ.

पाणी उकळतं असण्याला दोन कारणं. मीठ लवकर विरघळतं हे एक. दुसरं, तापलेली नळी आतली ओल स्वतःच सुकवते. कोमट पाणी ओतलंत तर नळी ओलीच राहील आणि धुण्याचा उद्देशच फसेल. तरीही लगेच दोन-तीन कोरड्या चिंद्या ओढा आणि तेलाची चिंदी नळी गार झाल्यावर.

बोल्टचं डोकं आणि मॅगझिनचा वरचा भाग लोक विसरतात. गोळी झाडताना तिथेही तेच मीठ उडतं. गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने दोन्ही पुसा, कोरडे करा, मग तेल.

पुढचे दोन-तीन दिवस रोज एक कोरडी चिंदी ओढून बघा. तिच्यावर लालसर रंग आला तर कुठेतरी मीठ राहिलंय, पुन्हा पाणी.

पुल-थ्रू चांगला की लोखंडी गज?

पुल-थ्रू, म्हणजे एका टोकाला वजन असलेली, नळीतून ओढायची सफाईची दोरी. एनसीसीत शिकलेल्यांना त्याचे तीन फासे आठवत असतील. पहिला तारेच्या जाळीसाठी, दुसरा चिंदीसाठी, तिसरा अडकलेला पुल-थ्रू ओढून काढण्यासाठी. सफाईची चिंदी चार इंच बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड. हे माप उगाच नाही. तेलाची चिंदी सैल गेली तरच तेल नळीत राहतं, घट्ट गेली तर आत गेलेलं तेल पुन्हा निपटून निघतं.

वजन चेंबरकडून सोडायचं आणि तोंडाकडून एका दमात सरळ ओढायचं. मध्ये थांबायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं, दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला घासू द्यायची नाही. गोळी नळी सोडते ती त्या कडेवरून. वर्षानुवर्षं दोरी एकाच बाजूला घासली की तिथे खाच पडते, आणि आतली नळी कितीही स्वच्छ असली तरी गोळी भरकटते. गज तोंडाकडून घालून घासला तर हेच आणखी लवकर होतं. गज वापरायचाच तर पितळी घ्या आणि चेंबरकडून घाला.

तारेची जाळी रोज वापरायची वस्तू नाही. नळीत घट्ट मळ असेल तेव्हाच, आणि तेलात भिजवून.

नळी आरशासारखी चमकली पाहिजे का?

गरज नाही. तांब्याचे पुसट डाग राहिले तर राहू द्या. गंज थांबला की आपलं काम झालं.

तेल कोणतं? घरात खोबरेल आहे.

खोबरेल नको. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत ते गोठतं, बोल्ट जड होतो, आणि काही महिन्यांत खवट होऊन चिकटतं. शेंगदाण्याचं गोडेतेल त्याहून वाईट. त्याची हळूहळू पिवळी चिकट साय होते आणि स्प्रिंगा अडकतात. खाण्याचं कुठलंच तेल हत्याराला लावू नये.

गॅरेजमधलं जळकं ऑइल लोक फुकट मिळतं म्हणून लावतात. इंजिनात तापून निघालेल्या त्या ऑइलमध्ये आम्ल असतं, पाण्याचा अंश असतो, धातूची बारीक भुकटी असते. गंज रोखायला म्हणून लावायचं आणि गंजाचं कारण स्वतःच नेऊन ठेवायचं, असं ते होतं.

बंदुकीचं खास तेल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल रोजच्या कामाला चालतं. ते पातळ असल्याने वाहून जातं, त्यामुळे पावसाळ्यात पुन्हा पुन्हा लावावं लागतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं आहे, भिजलेल्या रायफलवर आधी तेच मारावं. पण महिनोन्महिने राखण करण्याइतका त्याचा थर जाड नसतो, म्हणून वरून तेल लागतंच. वर्षभर कपाटात राहणार असेल तर नळीला आणि बोल्टला स्वच्छ, नव्या ग्रीसचा पातळ हात द्या.

मग भरपूर तेल लावून ठेवलं तर?

तेल वाहत वाहत बटच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या, लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. शिवाय गोळी झाडण्याआधी नळी आणि चेंबर कोरडे हवेतच. एनफिल्डच्या बोल्टची पकड मागच्या बाजूला असते. चेंबर तेलकट असेल तर काडतुसाचं पितळ चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. म्हणून रेंजवर जाण्याआधी कोरडी चिंदी, न चुकता.

बाहेरून लाल गंज चढलाय. पॉलिश पेपर मारू का?

कृपा करून मारू नका. पॉलिश पेपर गंजाबरोबर ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा राखणीचा थर, काढतो आणि ब्लूइंगबरोबर पोलादही. नंतर जो उघडा पांढरा पट्टा दिसतो तो पहिल्या पावसात आधीपेक्षा जास्त गंजतो.

गंजावर तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेने हळूहळू खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि खालचं अंग ओरखडत नाही. मग अगदी बारीक, चार शून्याची स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा. जोर लावायचा नाही, वेळ द्यायचा. फडक्यावर चॉकलेटी चिखल येत राहील तोवर गंज निघतोय. फडकं करडं दिसायला लागलं की थांबा, आता तुम्ही धातू खात आहात.

सुट्या, छोट्या लोखंडी भागांना दुसरा इलाज आहे. साध्या पाण्यात ते अर्धा तास उकळा. सैल लाल गंजाचं काळ्या, घट्ट थरात रूपांतर होतं, आणि तो काळा थर पुढे धातूला सांभाळतो. जुन्या पद्धतीचं ब्लूइंग याच तत्त्वावर चालतं. उकळल्यावर वरची भुकटी स्टील वूलने झाडा आणि गरम असतानाच तेल लावा. लाकूड, स्प्रिंग किंवा रंग असलेला भाग यात घालू नका.

नंबर आणि कारखान्याचे शिक्के यांना तर काहीच घासू नका, फक्त तेल आणि मऊ ब्रश. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८ नुसार हत्यारावरचा नंबर किंवा ओळखखूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. गंज काढताना नंबर पुसट झाला हे नूतनीकरणाच्या वेळी समजावून सांगणं फार जड जातं.

चिंच किंवा लिंबाने तांब्या-पितळेची भांडी निघतात, मग रायफल का नाही?

ती आंबट असतात म्हणूनच. आम्ल गंजाबरोबर ब्लूइंगही उतरवून टाकतं. व्हिनेगरचंही तेच. भांड्यांची पावडर आणि राख ओरखडे काढतात, आणि फटीत अडकलेले कण ओल धरून ठेवतात.

लाकडाला काय लावू?

जवसाचं कच्चं तेल. एनफिल्डच्या लाकडाला फौजेत हेच लावत. तळहातावर थोडंसं घ्या, लाकूड गरम होईपर्यंत चोळा, तासाभराने उरलेलं पुसा. महिन्याने पुन्हा. वार्निश नको, ते वरून साल धरतं आणि त्याखाली पाणी अडकतं.

इथे आगीची गोष्ट नीट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना त्या आतून तापतात आणि काडी न लावता पेटू शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

लाकडाखालची नळी कशी साफ करायची?

जुन्या एनफिल्डची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात झाकलेली असते. पावसात भिजलेली रायफल वरून पुसली तरी लाकूड आणि नळी यांच्यामध्ये पाणी राहतं, आणि तिथला गंज वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. तरीही पुढचं लाकूड घरी खोलू नका असंच मी सांगेन. ते बसवण्यावर रायफलचा नेम अवलंबून असतो.

हौसेने बट फिरवून काढायचा तर अजिबात प्रयत्न नको. जुन्या एसएमएलईमध्ये (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) बट धरून ठेवणाऱ्या आतल्या लांब पेचाचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो पेच फिरवला की लाकूड उभं चिरतं. शंभर वर्षं टिकलेलं अक्रोडाचं लाकूड पेचकसाच्या एका वेढ्यात फुटतं. परवानाधारक कारागिराकडून एकदा खोलून घ्या, नळीच्या खालच्या अंगाला ग्रीस भरून घ्या, मग ते बरीच वर्षं बघायला लागत नाही.

किती दिवसांनी साफ करायची?

तुम्ही जिल्ह्यात कुठे राहता त्यावर आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. एकच वेळापत्रक दोघांना कसं लागू होईल? जावळी, पाटण, महाबळेश्वर भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला हात फिरवा. सातारा, कऱ्हाड, वाई या पट्ट्यात पंधरा दिवसांनी चालेल. माण-खटावला दीड-दोन महिन्यांनी बघितलं तरी पुरे. तिथे धूळ जास्त त्रास देते, म्हणून बोल्टला तेल कमी लावा. आणि कुठेही राहा, रायफल कुणाच्या हाताला लागली की त्या दिवशीच पुसा. घामात मीठ असतं, बोटांचे ठसे गंजाने उमटलेले मी कित्येक नळ्यांवर पाहिलेत.

कव्हरमध्ये ठेवू की उघडी?

कव्हर ने-आण करण्यासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. चामडं आणि फोम दोन्ही ओल धरतात. कुलपाच्या लोखंडी कपाटात, भिंतीपासून थोडी सुटी आणि शक्य असेल तर तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल बटकडे न जाता पुढे उतरतं. कपाटात सिलिका जेलची पिशवी ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. नळीच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबायची पद्धत अनेक घरांत आहे. ती बंद करा. बोळा ओल धरतो, आणि तो आत विसरून गोळी झाडली तर नळी फाटते.

खंडेनवमीला पूजा करतो. हळदी-कुंकू, फुलं चालतात का?

का नाही चालणार? वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरातलं हत्यार त्या दिवसाच्या निमित्ताने बाहेर निघतं, हे चांगलंच आहे. आदल्या दिवशी पूर्ण सफाई करा. गंध-कुंकू लाकडावर लावा, धातूवर नको. पाणी शिंपडायचं तर बाजूच्या ताम्हणात. ओला झेंडू रात्रभर नळीवर राहिला तर सकाळी त्याच्या आकाराचा डाग दिसतो. म्हणून पूजा झाली की त्याच संध्याकाळी फुलं उतरवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि तेल लावून ठेवा.

घरात संगीन आणि तलवारही आहे.

दोन्ही म्यानाबाहेर ठेवा. चामड्याचं म्यान आतून पातं खातं. जुन्या तलवारीवर अक्षरं किंवा नक्षी असेल तर घासकाम नकोच. तेलाचा पातळ हात द्या आणि जाणकाराला दाखवा.

निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा करावी लागते. परत येते ती गंजून. काय करावं?

खूप जणांचं हे दुखणं आहे, आणि खरं आहे. एका ओळखीच्याची नीट जपलेली .३१५ दोन महिन्यांनी परत आली ती बोल्टवर जाड लाल थर घेऊनच. बाकीच्या हत्यारांबरोबर ओल्या फरशीवर उभी होती. ठाण्यातल्या माणसांकडे पन्नास-पन्नास बंदुकांना तेल लावायला वेळ नसतो, तेव्हा काळजी आपणच आधी घ्यायची.

जमा करायच्या आदल्या दिवशी सफाई करून नळी, बोल्ट आणि बाहेरचं सगळं लोखंड यांना ग्रीसचा पातळ हात द्या, तेल पुरणार नाही. ट्रिगर गार्डला दोरीने कागद बांधा: 'नळीत ग्रीस आहे'. नंबर दिसेल असे फोटो काढा. पावतीवर नंबराबरोबर 'सुस्थितीत' असा शब्द लिहून मागा. कापडी कव्हरमध्ये देऊ नका. परत मिळाल्यावर ठाण्यातच उघडून बघा आणि घरी आल्यावर ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय झाडू नका.

नळीत खड्डे दिसतात. रायफल बाद झाली का?

बारीक काळे ठिपके म्हणजे बाद नाही. जुन्या नळ्यांत ते असतातच, फक्त तिथे मीठ आणि मळ जास्त अडकतो, म्हणून पाण्याचं प्रमाण वाढवा. चेंबरमधले खड्डे मात्र गंभीर. झाडल्यावर काडतूस अडकत असेल, रिकामं पितळ फुगून किंवा चिरून निघत असेल, बोल्ट सैल वाटत असेल किंवा नळीला बाहेरून कुठेही फुगवटा असेल, तर झाडणं त्या क्षणी थांबवा आणि रायफल परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. जाताना परवाना बरोबर ठेवा आणि दुकानातून पावती घ्या. नळी कापून खराब भाग काढून टाकू असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. परवानगीशिवाय नळी आखूड करणं त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये बसतं.